एक्स-मेन: आधी कॉमिक्स की आधी सिनेमे?

एक्स-मेन म्हणजे जन्मजात अद्भुत शक्ती असलेल्या माणसांची, म्हणजे म्युटंटांची, अमेरिकन सुपरहिरो टीम. तिची कॉमिक्सही आहेत आणि सिनेमेही. जळगाव-भुसावळकडच्या माणसाला सिनेमे सोयीचे, यात वाद नाही. हिंदी डबिंगमध्ये मोबाईलवर लगेच बघता येतात. कॉमिक्स इथल्या दुकानांत मला तरी दिसली नाहीत. ऑनलाइन मागवावी लागतात आणि खंड स्वस्त नसतात. मात्र मे महिन्याच्या दुपारी लाइट गेली की सिनेमा थांबतो, खंड थांबत नाही.

टीम दोन्हीकडे नव्याने उभी केली. कॉमिकमध्ये १९७० पासून नव्या गोष्टी बंद होत्या, जुनेच अंक पुन्हा छापत होते. १९७५ मध्ये लेखक लेन वाईन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस यांना आणलं, वुल्व्हरीनलाही सामील केलं. पण जुनं पुसलं नाही. क्राकोआ नावाच्या जिवंत बेटावर अडकलेल्या जुन्या टीमला सोडवायलाच नवी टीम जाते, आणि जुन्यांपैकी सायक्लॉप्स (खरं नाव स्कॉट, डोळ्यांतून किरण सोडणारा) पुढे तिचा म्होरक्या होतो. २०१९ मध्ये लेखक जोनाथन हिकमनने नवी मांडणी केली, तीही त्याच बेटावर म्युटंटांचा देश वसवून.

सिनेमावाल्यांनी २०११ मध्ये थेट १९६२ सालात जाऊन टीम उभी करणारा चार्ल्स आणि त्याचा मित्र, पुढे शत्रू झालेला मॅग्नेटो, हे तरुणपणीचे दाखवले. ते दोघं मला मनापासून आवडले. २०१४ च्या सिनेमात मात्र भूतकाळ बदलून आधीचं बरंच काही पुसलं, आणि पुढची माणसं पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घेत बसली.

मला हे खुपलं ते जुन्या टीममधल्या जीन ग्रेपाशी. कॉमिकमध्ये ती १९७६ ला फिनिक्स, म्हणजे अफाट शक्तीची, होते आणि १९८० ला चंद्रावर स्वतःचा जीव देते. मधली चार वर्षं लेखक ख्रिस क्लेअरमॉन्टने तिला हळूहळू बदलू दिलं. शेवटाच्या थोडं आधी एक प्रसंग येतो: उंच खडकावर दोघंच, जीन स्कॉटच्या डोळ्यांवरचा व्हायझर, म्हणजे किरण अडवणारा चष्मा, काढते, त्याचे किरण मनाच्या जोरावर थोपवते, आणि तो उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघतो. मी तिथे पान उलटायचं विसरलो होतो.

२००६ च्या सिनेमातही ती तळ्याकाठी त्याचा चष्मा काढते. काही क्षणांत स्कॉट संपतो आणि कथा पुढे पळते. २०१९ ला तीच कथा नव्या कलाकारांना घेऊन पुन्हा केली, तर ही जीन आपल्याला त्याआधीच्या एकाच सिनेमापुरती माहीत. तिच्यासाठी रडावं तरी कसं?

कुणाला फक्त दोन तास मजा हवी असेल तर सिनेमेही वाईट नाहीत. ह्यू जॅकमनचा वुल्व्हरीन बघायलाच हवा. वाचायची अजिबात सवय नसेल तर १९९२ चं कार्टून आणि तिथूनच धागा पुढे नेणारी २०२४ ची मालिका हा मधला मार्ग आहे. पण माझ्या भाच्याने विचारलं, तर त्याला मी क्लेअरमॉन्टचा खंडच देईन. सुरुवात १९७५ पासूनच करावी, १९६३ चे पहिले अंक नंतर वाचले तरी काही अडत नाही.