बाळंतिणींचा वजन-अभ्यास: कुठे गाठायचं आणि वर्षभर कसं टिकवायचं?

बाळंतपणानंतरचं वजन उतरवण्यावर अभ्यास आखणाऱ्याला पहिली धास्ती असते ती पुरेशा बायका मिळतील का याची. मिळतात. त्यातल्या किती जणी बाराव्या महिन्यात वजनकाट्यावर उभ्या राहतील, ही पुढची गोष्ट. म्हणून प्रत्येक पर्याय दोन्ही बाजूंनी तपासावा. नावं भराभर देणारा रस्ता बरेचदा गळतीही तितकीच भरभरून देतो.

प्रसूती कक्ष, लसीकरण की जाहिरात?

प्रसूती कक्षात सगळ्या एकाच ठिकाणी सापडतात, हा मोठाच मोह. पण टाके दुखतायत, बाळ अजून नीट दूध ओढत नाहीये, अशा वेळी समोर आलेल्या कागदावर कोणीही सही करेल. दोन महिन्यांनी तोच नंबर उचलला जात नाही. शिवाय पहिल्या काही आठवड्यांत अंगातलं पाणी आपोआप उतरतं, त्यामुळे तिथे घेतलेलं वजन सुरुवातीचं वजन म्हणून कुचकामी. इथे फक्त 'नंतर फोन करू का?' एवढीच परवानगी घ्यावी आणि संमतीपत्रावरची सही नंतरच्या भेटीसाठी ठेवावी.

बाळाच्या भेटी हा त्याहून भरवशाचा रस्ता. आई स्वतःची तपासणी टाळेल, बाळाची लस टाळणार नाही. अमेरिकेतल्या 'फिट मॉम्स' या अभ्यासाने हेच हेरलं होतं. कमी उत्पन्नाच्या आया आणि बाळांसाठीच्या सरकारी पोषण योजनेच्या १२ केंद्रांतून त्यांनी ३७१ जणी घेतल्या. केंद्रात त्या तशाही येतच होत्या.

समाजमाध्यमांवरची जाहिरात सगळ्यांत वेगवान. मात्र ऑनलाइन फॉर्म भरणं आणि पहिल्या भेटीला येणं यांच्या मध्ये बऱ्याच जणी गळतात. शिवाय येतात त्या मुळातच उत्साही, फोन सराईतपणे वापरणाऱ्या. तुमचा प्रश्न त्यांच्यापुरताच असेल तर हरकत नाही, पण निष्कर्ष सगळ्या आयांना लावायचा असेल तर गोची होते. (आणि जाहिरातीत सपाट पोटाची हसरी आई लावू नका. जिला बोलवायचंय, तीच तो फोटो बघून पुढे सरकते.)

सहा आठवडे की पाच महिने?

लवकर सुरुवात केली तर वजन अजून आपसूक उतरत असतं. नियंत्रण गटातल्या, म्हणजे तुलनेसाठी कार्यक्रमाविना ठेवलेल्या बायकाही बारीक होतात आणि कार्यक्रमाचा परिणाम दिसायला अवघड जातो. फार उशीर केला तर नोकरीवर परतण्याची गडबड आड येते. माझा कल तीन ते सहा महिन्यांकडे. 'फिट मॉम्स'मधल्या आयांना सरासरी पाच महिने झाले होते. कधीही घ्या, पण प्रसूतीपश्चात नैराश्याची चाचणी आधी करा. १९८७ साली मांडलेली एडिनबरा प्रश्नावली अवघ्या दहा प्रश्नांची आहे.

वर्ग, घरभेट की फोन?

टिकवण्याचा खरा कस इथे लागतो. 'ॲक्टिव्ह मदर्स पोस्टपार्टम' या २००९ साली निष्कर्ष आलेल्या अमेरिकन अभ्यासात ४५० जणी होत्या. नऊ महिन्यांत आहाराचे आठ वर्ग, व्यायामाचे दहा आणि सहा फोन. कागदावर भरगच्च कार्यक्रम, पण वर्गांना हजेरी फारच तोकडी राहिली आणि दोन्ही गटांच्या वजनात दखल घ्यावा असा फरक पडला नाही. बाळाची झोप, दूध पाजण्याच्या वेळा आणि वर्गाचं वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही, इतकी साधी ही अडचण आहे.

याच्या अगदी उलट टोकाला २०१२ चा स्वीडनमधला अभ्यास. अंगावर पाजणाऱ्या ६८ जणी, आहारतज्ज्ञाबरोबर एकूण अडीच तास आणि बाकी मोबाइलवरचे संदेश. त्या अडीच तासांतही दुसरी भेट थेट घरी. आहार गटाचं वजन बारा आठवड्यांत सरासरी आठ किलोंच्या वर उतरलं, नियंत्रण गटाचं एक किलोही नाही. गट लहान होता, हे धरूनही वाटतं की भेटी कमी आणि आईच्या सोयीने ठेवल्या तर चालतं.

'फिट मॉम्स' मधल्या वाटेने गेला: संकेतस्थळ, फोनवर संदेश आणि महिन्यातून एक गटभेट. वर्षाअखेर सुमारे ८९ टक्के आया टिकून होत्या आणि वजनातली घट कार्यक्रम गटात ३.२ किलो, तर नियंत्रण गटात ०.९ किलो होती. मोठा अभ्यास करणार असाल तर हा साचा घ्या. मनुष्यबळ असेल तर घरभेटीचा. फक्त वर्गांवर विसंबून राहू नका.

एक गोष्ट बहुतेक आराखड्यांत राहून जाते. कार्यक्रम सोडलेली बाई अभ्यासातून गेली असं धरू नका. 'वर्गाला नाही आलात तरी चालेल, वजन मात्र द्याल ना?' हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं असलं की ती ओशाळून फोन टाळत नाही. आधी संदेश टाकायचा, 'बाळ झोपलं की कळवा', मग फोन. दोन नंबर घ्यायचे, एक तिचा आणि एक आई, सासू किंवा बहिणीचा, तोही तिला विचारून. काटा घरी न्यायचा, सपाट फरशीवर ठेवायचा, सतरंजीवर नाही, आणि बाळाला तेवढा वेळ दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगायचं.

नियंत्रण गटाला वर्षाने तोच कार्यक्रम मिळेल असं आश्वासन द्या, नाहीतर कोण कुठल्या गटात याची चिठ्ठी निघाल्या दिवशीच तो गट नाराज होतो. एका बाजूची गळती जास्त झाली की निकालच तिरका होतो. संख्याही आधीच वाढवून धरा. शेवटी २०० जणी हव्या असतील तर २० टक्के गळतीला २५० लागतात, ३५ टक्क्यांना ३०८. पुन्हा दिवस गेलेल्यांची वजनं विश्लेषणात कशी धरायची, तेही नियमावलीत सुरुवातीलाच लिहून ठेवा. वर्षभराच्या अभ्यासात अशा काही जणी निघतातच.