समुपदेशनाची पाठ्यपुस्तके : कोरी की शार्फ?

समुपदेशन आणि मानसोपचाराचे सिद्धांत शिकताना जेराल्ड कोरी आणि रिचर्ड शार्फ या दोन अमेरिकी लेखकांपैकी कोणाचे पुस्तक आधी हाती घ्यावे, हा प्रश्न बहुतेक विद्यार्थ्यांना पडतो. कोरी यांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९७७ साली निघाली. त्यातला स्टॅन हा मद्यपानाच्या समस्येने आणि न्यूनगंडाने ग्रासलेला विद्यार्थी जवळजवळ प्रत्येक उपचारपद्धतीच्या प्रकरणात भेटतो. मनोविश्लेषक त्याच्या बालपणातील नात्यांचा माग काढतो, वर्तनोपचारक मोजता येतील अशी उद्दिष्टे त्याच्यासोबत ठरवतो, तर ॲडलरवादी, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांचा अनुयायी, त्याच्या अगदी सुरुवातीच्या आठवणी विचारतो. माणूस तोच राहून दृष्टी तेवढी बदलत असल्यामुळे सिद्धांतांमधला फरक पाठ करावा लागत नाही, तो दिसतो. मात्र पुढे पुढे स्टॅनचा थोडा कंटाळा येतो, हेही खरे.

शार्फ यांची मांडणी वेगळी आहे. एकाच व्यक्तीला धरून न राहता ते नैराश्य, चिंताविकार अशा निरनिराळ्या समस्यांची वेगवेगळी उदाहरणे देतात आणि व्यक्तिमत्त्वाचा सिद्धांत व उपचाराचा सिद्धांत स्वतंत्रपणे उलगडतात. संशोधनाचा आढावाही ते घेतात. त्यांचे लेखन अधिक दाट असल्याने नवख्या वाचकाची दमछाक होते.

पहिल्या वर्षासाठी मी कोरी यांनाच पसंती देईन. प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम सुरू झाले, की शार्फ यांचे पुस्तक टेबलावर असावे.