पहिली भेट पावसाळ्यात ठेवावी की हिवाळ्यात?

परवा रात्री मामेभावाचा मेसेज आला, "दादा, दीड महिना झाला चॅटिंग चाललंय, आता ती म्हणतेय भेटूया. आत्ता जुलैतच भेटू की थांबून दिवाळीनंतर निवांत भेटू?" मी म्हटलं फोन कर, हा टाइप करत बसायचा विषय नाही. तासभर बोललो तरी बरंच राहिलं, म्हणून शेवटी लिहूनच काढलं, त्याच्यासारखे अजूनही बरेच जण असतील ज्यांचं नेमकं इथेच अडलंय.

मी चौतीसचा, सिंगल, पुण्यात कोथरूडला राहतो. गेल्या सहा वर्षांत ॲपवरून, मित्रांच्या ओळखीतून आणि दोनदा आईच्या मैत्रिणींकडून, अशा बऱ्याच पहिल्या भेटी झाल्या, काही भर पावसात आणि काही स्वेटर घालून. हिशोब असा कुठे ठेवलेला नाही, जे लक्षात राहिलं ते सांगतोय. तुमचं वेगळं असू शकतं. मुंबईकरांना तर यातला थंडीचा भाग कदाचित लागूच पडणार नाही.

उन्हाळ्याचं पटकन सांगून टाकतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, भेटायचं तर मॉलमध्ये नाहीतर रात्री नऊनंतर मस्तानी प्यायला, आणि निम्मी मंडळी गावाला गेलेली असतात. उन्हाळा आंब्यांसाठी आणि घरच्यांसाठी ठेवावा. अपवाद एकच, मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत राजमाचीला आणि भंडारदऱ्याकडे काजवे असतात ते दिवस. नर उडत उडत चमकतो आणि मादी जागेवरून उत्तर देते, सगळं झाडच्या झाड त्या एका प्रश्नोत्तराने उजळलेलं असतं, ते बघताना खरंच बोलवत नाही. पण तो रात्रीचा प्रवास, पहिल्या भेटीला नको, ओळखीच्या ग्रुपबरोबरच जावं.

तर मुद्दा पावसाळा आणि हिवाळ्याचा. पावसाळ्याबद्दल आधी चांगलं बोलतो कारण मला तो मनापासून आवडतो. पहिला पाऊस पडला की लोक आपणहून मेसेज करतात. तीन महिने थंड पडलेलं चॅट "तुमच्याकडे पडतोय का?" एवढ्यावर परत सुरू होतं. विषय शोधावा लागत नाही. खडकवासल्याला धरणाच्या कडेला कणीस भाजून घ्यायचं, लिंबू-तिखट-मीठ चोळलेलं, किंवा घाटरस्ता चालू असेल तर सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. भिजलेल्या माणसाला भूक लागलेली असते आणि भूक लागलेला माणूस फार वेळ शिष्टासारखा बसू शकत नाही, त्यामुळे ओळख लवकर होते हे मी खूपदा बघितलंय.

आणि मित्रांच्या बाबतीत तर पावसाळ्याला तोडच नाही. कारण अगदी साधं आहे. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि काढीव मुहूर्त सोडले तर तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं नसतात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर सगळ्यांचे रविवार मोकळे! पहाटेची लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचं, भाजे गावावरून वर लोहगड नाहीतर विसापूर, संध्याकाळी चिखलाने भरलेले बूट घेऊन परत. आमच्या ग्रुपमधले आता सातजण लग्न झालेले आहेत, दोघांना मुलं आहेत, तरी पावसाळ्यातला एक ट्रेक कुणी चुकवत नाही, आणि त्या दिवशी मी सिंगल आहे हे माझ्याही लक्षात राहत नाही. फ्रेंडशिप डे पण ऑगस्टच्या पहिल्या रविवारी येतो, कॉलेजात मनगटापासून कोपरापर्यंत बँड बांधून भिजत फिरायचो ते आठवतंच दरवर्षी. शिवाय गणपतीच्या आधी ढोल-पथकांचा सराव सुरू होतो. रोज संध्याकाळी तीच तीस-चाळीस माणसं एकत्र, हाताला फोड आलेले, घसा बसलेला. पथकात जमलेल्या दोन जोड्या मी स्वतः बघितल्यात, दोन्ही छान चाललेत. तर मैत्रीतून हळूहळू काही व्हायचं असेल तर पावसाळाच, याबद्दल माझं दुमत नाही.

पण मामेभावाचा प्रश्न पहिल्या भेटीचा होता. अनोळखी किंवा अर्धओळखी माणसाला एकट्याने भेटायचं आणि तिला आपण आवडलो का, आपल्याला ती आवडली का, हे समजून घ्यायचं. आणि इथे पावसाळ्याची एक गोष्ट मला फार म्हणजे फारच त्रास देते. ओले मोजे, रेनकोटची पॅन्ट, गाडीवर मागे बसलेल्याचं एक अक्षर ऐकू न येणं, हे सगळं चालतं हो. त्रास हा, की पाऊस प्रत्येक गोष्टीला कारण पुरवतो आणि मग माणसाचं खरं काय ते कळतच नाही.

तीन वर्षांपूर्वीचं सांगतो. जुलै महिना, डेक्कनच्या एका इराण्याकडे भेटायचं ठरलेलं. त्याआधी दोनदा तिने कॅन्सल केलं होतं, दोन्ही वेळा पाऊस. एकदा खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल पाण्याखाली, ती नारायण पेठेतून येणार, म्हणजे कारण अगदी खरं. दुसऱ्यांदा नुसताच पाऊस. तिसऱ्या वेळी आली. अर्धा तास चहा आणि बनमस्का झाला आणि बाहेर जो धो धो सुरू झाला तो थांबेचना. आम्ही अडीच तास बसलो. तीन चहा झाले, तिच्या गावच्या घराबद्दल बोललो, माझ्या वडिलांच्या आजारपणाबद्दल बोललो, जे मी सहसा कुणाशी बोलत नाही. मला वाटत होतं की किती छान चाललंय, अडीच तास कुणी उगाच बसतं का. आणि मग पाऊस थांबला. मी कसलं तरी वाक्य बोलत होतो, ते पूर्ण व्हायच्या आत तिने खुर्चीला अडकवलेली छत्री हातात घेतली होती. "चल, उघडलंय तोवर निघते." अगदी छान हसून म्हणाली, वाईट काहीच नव्हतं त्यात.

पण मला पुढचे तीन आठवडे कळत नव्हतं की ते अडीच तास माझ्यामुळे होते की पावसामुळे. मी मेसेज केला की उत्तर यायचं, भेटूया म्हटलं की "पाऊस कमी होऊ दे ना जरा." आता यावर काय बोलणार, पाऊस होताच! शेवटी ऑगस्टमध्ये पाऊस जरा कमी झाला आणि उत्तरं पण कमी झाली, तेव्हा कळलं. तिची काहीच चूक नव्हती, तोंडावर नाही म्हणणं सगळ्यांनाच अवघड जातं आणि हाताशी पाऊस असताना कुणीही त्याचाच आधार घेणार. मी पण घेतलाय. एका मुलीला मी दोनदा "आज फार पडतोय गं" म्हणून टाळलंय आणि त्यातल्या एका दिवशी मी त्याच पावसात मित्राबरोबर भजी खायला बाहेर पडलो होतो. ते आठवलं की मला अजून वाईट वाटतं. कोरडा दिवस असता तर मी तिला सरळ सांगितलं असतं असं मला वाटतं, निदान सांगावं लागलं असतं.

माझ्यासाठी निकाल तिथेच लागला. आलेला माणूस पावसामुळे थांबलाय का, न आलेला पावसामुळे आला नाही का, दोन्हीकडून आपण अंधारात. तुम्ही मनाने माझ्यापेक्षा खंबीर असाल, तीन आठवडे असा विचार करत बसणारे नसाल, तर कदाचित तुम्हाला याचं काही वाटणार नाही आणि मग पावसाळा निवडायला काहीच हरकत नाही.

आता हिवाळा. पुण्याचा हिवाळा तसा छोटा, नोव्हेंबरच्या मध्यापासून फार तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, आणि खरी थंडी म्हणाल तर तीन-चार आठवडेच, पारा दहाच्या खाली जातो ते दिवस. पण या दिवसांत न यायला सबब अशी उरत नाही. आकाश स्वच्छ, रस्ते कोरडे, संध्याकाळ लवकर होते. यायचं असेल तर माणूस येतो, नसेल तर नाही. झेड ब्रिजवर गाड्या लावून बसलेली मंडळी बघा, डिसेंबरात तिथे गार वारा बोचत असतो, ज्याला निघायचं तो कधीही किक मारून निघू शकतो, तरी बसलेली असतात ना! त्या थांबण्याला अर्थ आहे.

हिवाळ्याकडे अजून दोन गोष्टी आहेत ज्या पावसाळ्याकडे नाहीत. एक म्हणजे सवाई. १९५३ पासून चालू असलेला शास्त्रीय संगीताचा महोत्सव, डिसेंबरातल्या संध्याकाळी शाल गुंडाळून भारतीय बैठकीवर बसायचं. पहिल्या भेटीला मी कुणालाही सवाईला चल म्हणेन, गाण्यातलं कळत असो वा नसो, कारण तिथे बोलायची सक्ती नाही. नुसतं शेजारी बसून ऐकायचं आणि मध्ये चहाच्या स्टॉलवर जेवढं सुचेल तेवढं बोलायचं. शांत बसून दोन माणसांना बरं वाटतंय का, हे मला गप्पांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. दुसरी गोष्ट संक्रांत. वर्षभर जिच्याशी बोलणं झालं नाही तिलाही १४ जानेवारीला तिळगूळ घ्या गोड बोला पाठवता येतं आणि त्यात ओशाळं वाटायचं काही कारण नसतं. एवढा सोपा पहिला मेसेज दुसऱ्या कुठल्याच सणाने दिलेला नाही.

हिवाळ्याचे तोटे आहेतच. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, मित्रांपैकी कुणाचं ना कुणाचं असतंच, शनिवार-रविवार हॉलमध्ये जातात आणि प्रत्येक पंगतीला "आता तुझा नंबर" ऐकावं लागतं. ते लोक प्रेमानेच म्हणतात हे मला माहितीये, पण तिसऱ्या लग्नानंतर घरी येऊन एकटं वाटतं ते वाटतंच. फेब्रुवारीतही चौदा तारखेच्या आसपास पहिली भेट ठेवू नये, मावळातल्या पॉलीहाऊसमधले गुलाब त्या आठवड्यात सगळीकडे पोचलेले असतात आणि समोरच्यावर उगाच दडपण येतं. आणि थंडीत सकाळी उठवत नाही हे तर आहेच.

पण त्या न उठवण्यातच मला खरं काय ते सापडलं. गेल्या वर्षी जानेवारीत एक जण वेताळ टेकडीवर भेटली, सकाळी साडेसहाला, तिनेच वेळ सुचवलेली. त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे आम्ही चढायला लागलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. गवतावर दव, खाणीच्या बाजूला कुठेतरी मोर ओरडत होते, तिने थर्मासमधून चहा आणला होता आलं घातलेला. तासाभरात ती निघू शकली असती, आम्ही साडेनऊपर्यंत फिरलो. आणि उतरताना ती थांबून म्हणाली, "एक सरळ सांगू का, मला तुझ्याशी बोलायला खूप आवडलं, पण लग्न वगैरे त्या दृष्टीने नाही वाटत रे." वाईट वाटलं, नाही म्हणणार नाही. पण टेकडीच्या पायथ्याशी गाडीपर्यंत येईतो मला माझं उत्तर मिळालेलं होतं, तीन आठवडे नाही लागले. आणि ते तीन तास खरे होते याची मला खात्री होती, त्यामुळे मैत्री करायला काही अडचणच आली नाही. ती आता आमच्या मळवलीच्या ग्रुपमध्ये आहे. मागच्या रविवारी विसापूरच्या पायऱ्यांवरून पाणी वाहत असताना माझ्या पुढे तीच चढत होती.

तर माझं मत हिवाळा. तुमची भेट आधीच ठरली असेल तर ती मोडा असं मी म्हणत नाहीये, चार महिने चॅटिंग ताणण्यापेक्षा भेटलेलं कधीही बरं, आणि थांबता थांबता समोरचा माणूस कंटाळून जातो हेही बघितलंय मी. पावसात भेटायचंच असेल तर घराच्या किंवा मेट्रोच्या जवळ भेटा म्हणजे अडकून पडायला होणार नाही, आणि दुसऱ्या भेटीचं त्याच दिवशी समोरासमोर विचारा, मेसेजवर ठेवू नका.

मामेभावाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, ती तर शनिवारी म्हणतेय." म्हटलं जा मग. छत्री एकच नेऊ नको, तिला गरज पडली तर द्यायला दुसरी ठेव. आणि पाऊस थांबला की तू लगेच उठू नको, पाच मिनिटं बोलत राहा आणि ती उठते का बघ.