शिष्यत्वाच्या वाटेवरची अंगठी
जे. आर. आर. टोल्किन यांची १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झालेली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) अभ्यासगटाला कितपत उपयोगी पडेल, या दृष्टीने मी ती पुन्हा वाचली. शत्रूचे सामर्थ्य साठवलेली अंगठी चांगल्या कामासाठी वापरण्याचा मोह टाळून ती नष्ट करायला निघालेली ही मोहीम, सुवार्ताकार्यातही प्रभावामागे धावणाऱ्या आपल्यासारख्यांना अस्वस्थ करते. त्याहून मोलाचा आहे तो शेवट: अंगठी वाहून नेणारा नायक फ्रोडो ऐन कड्यावर हरतो, अंगठी आपलीच म्हणतो, आणि अंगठीच्या लोभाने पछाडलेल्या गॉलमवर पूर्वी केलेली दयाच अखेर कामी येते. कृपेचे इतके नेमके चित्र मला प्रवचनांतही क्वचितच भेटले आहे. अंगठीचा नाश २५ मार्चला होतो. परंपरेने हा मरियेला देवदूताचा संदेश मिळाल्याचा दिवस, आणि लेखक कॅथलिक असल्याने हा निव्वळ योगायोग वाटत नाही. सोबती सॅम फ्रोडोला पाठीवर घेतो, तो प्रसंग 'एकमेकांची ओझी वाहा' या गलतीकरांस पत्रातील वचनाबरोबर वाचावा. मात्र प्रत्येक पात्रामागे बायबलमधील व्यक्ती शोधू नये. रूपककथेविषयीची नावड टोल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट नोंदवली आहे. उपासना कथेत जवळजवळ दिसतच नाही, आणि पहिल्या खंडाची सुरुवात रेंगाळते. शुभवर्तमाने वाचून झालेल्या, धीर असलेल्या गटाला ही कादंबरी जरूर द्यावी. नव्या विश्वासणाऱ्याला इतक्यात नको.