चिऊची स्टंट स्कूटर: सहा महिने वापरून

भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये फिटर म्हणून 21 वर्षं झाली. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती हलवून बघायची, ही खोड अंगात भिनली आहे. पोरीच्या पहिल्या, पायाने ढकलायच्या स्कूटरच्या वेळी नेमकी तीच विसरलो आणि अठराशे रुपये पाण्यात घातले.

चिऊ नऊ वर्षांची. सुटीत आत्याकडे नवी मुंबईला गेली, तिथलं स्केट पार्क बघून आली आणि मग घरात दुसरा विषय नाही. बाजारातल्या एका खेळण्यांच्या दुकानातून घडी होणारी स्कूटर आणून दिली. दोन महिन्यांत बिजागरीत एवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला की दांडा हातात डुलायला लागला. दुकानदार म्हणाला, "साहेब, ही चालवायची असते, हिच्यावर उड्या नाही मारायच्या." राग आला, पण माणूस खोटं बोलत नव्हता. उडी मारून खाली आलं की सगळा दणका त्या बिजागरीच्या पिनेवर बसतो.

दुसरी घेतली ती उड्या-कसरतींसाठीच बनवलेली खरी स्टंट स्कूटर, ऑनलाइन, 9,200 रुपयांना. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग मालात जमीन-अस्मानाचा फरक असतो. सुटे भाग बघा. खोकं उघडलं तेव्हा अमळनेरहून सासूबाई आलेल्या होत्या. त्यांचा पहिला प्रश्न: "माय वं, हाई गाडीनी घडी बी व्हत नही?" नाहीच होत. त्याचेच तर पैसे मोजले. प्रवासाला न्यायची झाली की दांडा आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट एलन कीने, म्हणजे षटकोनी चावीने, ढिले करून दांडा वेगळा करतो. बर्थखाली निवांत मावते.

सगळा जीव असतो तो दांडा आणि फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, जिथे जुळतात तिथे. त्या वळणाऱ्या सांध्याची, म्हणजे हेडसेटची, बेअरिंगं दाबून धरणाऱ्या रचनेला कॉम्प्रेशन म्हणतात. तिचे एचआयसी, आयएचसी, एससीएस असे प्रकार आहेत. पुढे दांडा किंवा क्लॅम्प बदलायचा झाला तर आपला प्रकार कोणता ते माहीत हवं, नाहीतर आणलेला भाग बसतच नाही. आमची आयएचसी आहे. आठव्या दिवशी खटखट सुरू झाली. चिऊ रडकुंडीला आली, पण नवी गाडी बसताना थोडी ढिली होतेच. आधी क्लॅम्प सैल करायचा, मग आतला कॉम्प्रेशनचा बोल्ट आवळायचा, पुढचं चाक गुडघ्यात धरून दांडा सरळ करायचा आणि शेवटी क्लॅम्पचे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करायचे. बरेच लोक नुसता क्लॅम्प आवळत बसतात. त्याने खटखट जात नाही, उलट बोल्टचे आटे जातात. कंपनीने दिलेली एलन की मऊ लोखंडाची होती, तिसऱ्या वेळेला तिच्या कडा गोल झाल्या. एवढ्या पैशात हा चिंधीपणा.

चाकं 110 मिलिमीटरची, आतला गाभा अॅल्युमिनियमचा. प्लास्टिकच्या गाभ्याची घेऊ नका, उडीच्या दणक्याने तडकतात. बेअरिंग 608 नंबरचं, एका चाकात दोन. ते आपल्याकडे बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात सहज मिळतं, स्कूटरचं म्हणून महागडं मागवायची गरज नाही. आमच्या काळ्या मातीची धूळ चार महिन्यांत आत शिरली आणि चाक कुरकुरू लागलं. चारही नवीन टाकली, अर्ध्या तासाचं काम.

पाय ठेवायची फळी, म्हणजे डेक, साडेचार इंच रुंद आहे. रुंद घेतली असती तर पाय ऐसपैस राहिले असते, पण वजन वाढलं असतं. पूर्ण गाडी साडेतीन किलोच्या आसपास भरते आणि चिऊला ती हवेत उचलायची असते. सध्या टेलव्हिपचा नाद आहे. उडीत डेक फोर्कभोवती पूर्ण फिरवून परत पायाखाली आणायचा. दहातून नऊ वेळा तो नडगीवरच येतो. नडगीचे पॅड आधी घेतले नाहीत, ही माझी चूक. हेल्मेट मात्र स्कूटरच्या आधी घेतलं होतं, डोक्याचा घेर टेपने मोजून, ईएन 1078 हे हेल्मेटचं युरोपियन मानक छापलेलं.

मागचा ब्रेक म्हणजे चाकावर दाबायची पत्र्याची पट्टी. काम करते, पण सारखी वापरली की चाक चपटं होतं. आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा उन्हात राहिलेल्या अॅल्युमिनियमला हात लावून बघा! क्वार्टरच्या मागच्या सिमेंटवर ती सकाळी सहालाच खेळते, आठला गाडी घरात.

हँडलच्या रबरी मुठी सहा महिन्यांत फाटल्या, त्या बदलाव्या लागल्या. बाकी तक्रार नाही.

आता एकच वाद चालू आहे. दांडा जमिनीपासून 81 सेंटीमीटर आहे, तिच्या कमरेच्या थोडा वर. पार्कातली मुलं दांडा कापून घेतात म्हणे, म्हणून "पप्पा, दोन इंच कापा ना!" असा रोजचा धोशा. हॅक्सॉ आहे घरात, पाच मिनिटांचं काम. पण कापलेला दांडा लांब करायची एलन की अजून निघालेली नाही, आणि पोरगी महिन्याला वाढते आहे. दाराच्या चौकटीवर तिच्या कमरेची खूण करून ठेवली आहे. दिवाळीपर्यंत ती दांड्याला गाठेल असा माझा अंदाज आहे, तिला तो मान्य नाही.