सरकारी फ्री डिशच्या नावानं १३,४९८ रुपये गेले, तुमच्या गावात कोणी आलं तर आधी हे वाचा

आधी हिशोब सांगते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाई वाढवून सांगून राहिली. रोख २,८५०. ॲक्टिव्हेशनचे म्हणून फोनवरून ६४९. आणि दुसऱ्या दिवशी सबसिडी परत देतो म्हणून खात्यातून काढलेले ९,९९९. झाले १३,४९८. वरून फ्री डिश बसवायला आलेला माणूस आमची जुनी चालू छत्री, म्हणजे टीव्हीची डिश, आणि बॉक्स एक्सचेंजमध्ये घेऊन गेला ते वेगळंच. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं आहे, नाव लिहीत नाही कारण घरचे नको म्हणतात, पण ज्या पट्ट्यात हा माणूस फिरला तिथल्या लोकांना वाचल्यावर लगेच कळेल.

मी अंगणवाडी सेविका आहे. रोज पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीचं सरकारी ॲप, मोबाईलवरच भरते, बचत गटाचा हिशोब माझ्याकडे असतो, फोनपे-गुगलपे वापरते. हे यासाठी लिहिते की ज्याला सांगितलं त्याचा पहिला प्रश्न एकच, "काऊन वो, तुमी तर शिकलेल्या हाय ना?" हो, आहे शिकलेली. आणि तो माणूस शिकलेल्या घरातच आधी शिरला, कारण एका घरात बॉक्स लागला की बाकीचे तिथं बघून हो म्हणतात हे त्याला चांगलं माहीत होतं.

तेव्हा घरात टीव्हीवरून रोज कटकट होती. छत्रीचं रिचार्ज महिन्याला ३८५, आणि पावसाळ्यात आभाळ भरून आलं की नेमकं सासूबाईंच्या मालिकेच्या वेळेला 'नो सिग्नल'. आमचं घर गावठाणाच्या टोकाला आहे, इथपर्यंत केबलवाल्याची वायर येते पण वान्नेरं उड्या मारून तोडतात, मग तो आठवडा आठवडा फिरकत नाही आणि ३०० रुपये मात्र पूर्ण घेतो. बांबूवरचा ॲन्टेना तर आता काही कामाचा नाही, दूरदर्शननं जुने ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बहुतेक बंदच करून टाकले. मोबाईलवरून टीव्ही लावावा तर टॉवर गावाच्या त्या बाजूला, लाईट गेली की टॉवरही जातो, आणि घरातल्या तिघांच्या डेटात एक मालिका पूर्ण होत नाही. आमचे हे म्हणायचे टीव्ही बंदच करून टाकू. म्हाताऱ्या माणसाला दिवसभर घरात दुसरं काय आहे हे त्यांना कोण सांगणार.

अशा वेळी, पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारलं की केंद्र सरकारच्या योजनेत फ्री डिश, म्हणजे महिन्याच्या रिचार्जशिवाय चालणारी दूरदर्शनची छत्री, बसवून राहिले, ज्यांना पाहिजे त्यांनी आधार कार्डाची झेरॉक्स तयार ठेवा. हे परत वाचा. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून. ज्या भोंग्यावरून पोलिओच्या डोसचं पुकारतात, ग्रामसभेचं पुकारतात, त्याच भोंग्यावरून. मग मी त्या माणसावर संशय कायचा घ्यायचा होता?

तिशीतला पोरगा, गळ्यात ओळखपत्र, त्यावर दूरदर्शनचं चिन्ह, हातात टॅब, बोलायला एकदम गोड. सासूबाईंना "माय, तुमाले आता मरेपर्यंत रिचार्ज नाही" असं म्हणाला. जवळ एका बातमीचं कात्रण होतं आणि ती बातमी खरी होती, मी नंतर शोधून पाहिलं. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं बाइंड नावाची योजना मंजूर केली, २,५३९ कोटींच्या वर रक्कम, आणि त्यात दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त आणि सीमेवरच्या भागातल्या लोकांना ८ लाखांवर फ्री डिशचे बॉक्स फुकट द्यायचं होतं. म्हणजे योजना खरी, चिन्ह खरं, नाव खरं, फक्त हा माणूस खोटा. आणि त्या योजनेत बॉक्स फुकट द्यायचे होते, विकायचे नव्हते.

त्यानं सांगितलं बॉक्स ३,३५०चा, जुनी छत्री आणि बॉक्स दिला तर ५०० कमी, म्हणजे २,८५०, आणि त्यातले २,००० सबसिडी म्हणून खात्यात परत येणार. ४०० चॅनल, सगळे ओटीटी (नेटवरून सिनेमे-मालिका दाखवणारे ॲप), लाइफटाइम. म्हणजे शेवटी आम्हाला पडणार साडेआठशे आणि वर ॲक्टिव्हेशनचे ६४९, आणि महिन्याचे ३८५ कायमचे वाचणार. पोळ्याच्या तोंडावर कास्तकाराच्या घरात पैसा नसतो, कापूस घरात यायला अजून वेळ असतो, म्हणून तर हे ३८५ रुपये डोक्यात बसलेले होते. ते २,८५० मी बचत गटाच्या माझ्या हप्त्यासाठी काढून ठेवलेल्यातून दिले.

आता ती गोष्ट सांगते जी आठवली की अजून अंगाची लाही होते. छत्री बसवून झाली, टीव्ही लावला, आणि खरंच सगळं दिसलं. पैशाचे मराठी चॅनल, सासूबाईंची मालिका, सिनेमे, सगळं. एकदम स्वच्छ. पण त्याचा मोबाईल टीव्हीच्या शेजारी, टेबलावर, चालू ठेवलेला होता. निघताना त्यानं तो उचलून खिशात टाकला आणि तो गेटच्या बाहेर जाईस्तोवर टीव्हीवरचं चित्र अडकलं, गोल गोल फिरायला लागलं. मी आवाज दिला तर गेटवरूनच म्हणाला, "मॅडम, सर्वर सिंक होऊन राहिलं, रात्री आपोआप येईल." हॉटस्पॉट होता तो. त्याच्या मोबाईलचं नेट आणि त्याच्याच मोबाईलमधलं कोणाचं तरी लॉगिन, दहा मिनिटं आमच्या टीव्हीला लावून दाखवलं, बस. मी स्वतः अंगणवाडीत रेंज नसली की मदतनीस ताईच्या मोबाईलचं हॉटस्पॉट घेऊन पोषण ट्रॅकर भरते. मला हॉटस्पॉट माहीत नाही असं कोणी म्हणू शकत नाही. चित्र नेमकं त्याचा मोबाईल उचलल्यावर अडकलं हे मी डोळ्यानं पाहिलं, आणि तो तेव्हा माझ्या गेटपासून दहा पावलांवर होता, गल्लीत चार माणसं उभी होती, धरता आला असता. पण त्याच वेळी पोरगा शाळेतून आला, सासूबाई "काय झालं वो" करून राहिल्या, चुलीवर कुकर, आणि भोंग्यावरून पुकारलेला माणूस. रात्री येईल म्हणाला, तर म्हटलं रात्री येईल.

रात्री आले ते फक्त फुकटचे चॅनल. डीडी सह्याद्री आणि असेच काही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, दुसराच आवाज, बोलायला एकदम ऑफिससारखा. माझं नाव, पावती नंबर, बॉक्सचा नंबर, आधारचे शेवटचे चार आकडे, सगळं त्यानं वाचून दाखवलं. चॅनल आले नाहीत म्हटलं तर म्हणाला सबसिडी अडकली म्हणून सर्वर लॉक आहे, सबसिडी सुटली की चॅनल सुटतील, आणि पोर्टल सहा वाजता बंद होते. व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवला. स्कॅन केला तर ९,९९९ दिसले, तर म्हणे ही व्हेरिफिकेशनची रक्कम आहे, कटत नाही, २,००० सोबत उलट जमा होते. माझे हे आकडे, माझा आधार, माझी पावती त्याच्याकडे होती, तर मी त्याला सरकारी माणूस नाही समजायचं तर कोणाला समजायचं? पिन टाकला आणि पैसे कटले. फोन लगेच बंद.

पिन पैसे द्यायला लागतो. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करायचं काम नाही, पिन टाकायचं काम नाही. सासूला, सुनेला, पोराला, घरातल्या सगळ्यांना हे आजच सांगा, फोन ठेवायच्या आधी सांगा.

आता मदतीचं ऐका. मी त्याच संध्याकाळी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली, तक्रार नंबर मिळाला, तेवढं एक काम लवकर झालं आणि तुम्हीही तेच सगळ्यात आधी करा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आधी अडवले तरच काही हाती लागतं. त्यानंतर जे सुरू झालं ते मला आयुष्यभर पुरेल. बँकेत गेली तर साहेब मान वर न करता म्हणाले, पिन तुम्हीच टाकला ना, मग आमची जबाबदारी नाही. लेखी द्या म्हटलं तर लेखी देत नाहीत. ठाण्यात गेली तर तिथले म्हणाले ऑनलाइन गेले ना, सायबरला जा, यवतमाळला. यवतमाळला गेली, एक दिवसाची हजेरी बुडाली, बसचं भाडं, तिथं म्हणाले ९,९९९चं आमच्याकडं आलं आहे पण रोख २,८५० दिले ते तुमच्या ठाण्याचं काम. परत ठाण्यात. तर जमादार म्हणतो, "बाई, तुमच्या मिस्टरले पाठवा, त्यायच्याशी बोलतो." पैसे माझे, खातं माझं, पावतीवर नाव माझं, आणि बोलायचं मिस्टरांशी! मग म्हणे एवढ्या पैशासाठी काय गुन्हा दाखल करायचा, हे तर ग्राहकाचं भांडण आहे, ग्राहक मंचात जा. ओळखपत्रावर सरकारी चिन्ह लावून गावभर पैसे गोळा केले तर ते ग्राहकाचं भांडण कसं? आमच्या गल्लीतच चार घरी बॉक्स लागले, शेजारच्या काकाजींना तर त्यानं शंभर चॅनलचा 'डिजिटल ॲन्टेना' म्हणून १,२०० ला एक प्लॅस्टिकची पट्टी दिली, ती खिडकीत लटकून आहे आणि त्यावर एक चॅनल दिसत नाही. काकाजी तर ठाण्यात यायलाच तयार नाहीत, म्हणतात लोक हसतील. हसू द्या ना. आपण गप्प बसतो म्हणून तर तो पुढच्या गावात जातो.

आणि ग्रामपंचायत! ग्रामसेवक म्हणतात आमचा काही संबंध नाही, त्यानं माइक मागितला, शिपायाला २०० रुपये दिले, शिपायानं दिला. अरे बाप्पा, २०० रुपयात गावाचा भोंगा? सरपंच म्हणतात ठराव घेऊ की यापुढे माइक देणार नाही. आमचे पैसे गेले त्याचा ठराव कोण घेणार? अख्ख्या गल्लीच्या आधारच्या झेरॉक्स त्या माणसाच्या बॅगेत आहेत, त्याचं काय, याला उत्तर कोणी देत नाही. मी स्वतः आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घेतलं, तुम्ही झेरॉक्स दिली असेल तर तुम्हीही करा.

पोलीस म्हणतील आमच्या हद्दीत नाही, तर ऐकून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता घ्यावी लागते, आणि फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे. हे मी कागदावर लिहून नेलं तेव्हा कुठं अर्ज घेतला आणि पोच दिली. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. ट्रायकडे, म्हणजे टीव्ही-फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, लिहायचा विचार असेल तर एकेकट्या ग्राहकाची तक्रार ट्राय सोडवत नाही, कंपनीकडे पाठवते, आणि इथं तर कंपनीच नाही. ग्राहकाच्या तक्रारीसाठी १९१५ ही हेल्पलाइन आहे, जिल्हा ग्राहक आयोगात (ज्याला ग्राहक मंच म्हणतात) ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

फ्री डिश वाईट नाही, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण आता गावात लोक तिचंच नाव घेऊन शिव्या देऊन राहिले. ती प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेची, सेवा आहे, डिसेंबर २००४ पासून चालू, तेव्हा तिचं नाव डीडी डायरेक्ट प्लस होतं. महिन्याचं रिचार्ज नाही. छत्री आणि साधा बॉक्स दुकानातून एकदा विकत घ्यायचा, मेकॅनिककडून बसवून घ्यायचा, झालं. ॲक्टिव्हेशनचे पैसे मागणारा खोटा. पण तिच्यावर पैशाचे चॅनल येत नाहीत, खाजगी चॅनल लिलावानं जागा घेतात म्हणून यादी बदलत राहते, आणि पाऊस झोडपायला लागला की तीही जाते, कारण तीही छत्रीच आहे. लाइफटाइममध्ये सगळे ओटीटी कोणीच देत नाही. प्रसार भारतीचंच वेव्हज नावाचं ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, ते फुकट उतरवता येतं, त्यासाठी कोणाला घरी बोलवायची गरज नाही.

आमच्याकडचा बॉक्स तालुक्याच्या मेकॅनिकला दाखवला तर तो म्हणाला हा साधाच, हजार-बाराशेचा, नवा पण नाही. जुनी कंपनी म्हणते परत चालू करायचं तर नवा बॉक्स घ्या, १,५०० भरा, कारण जुना तुम्ही देऊन टाकला. चालू छत्री, चालू बॉक्स कोणी एक्सचेंजमध्ये मागितला तर देऊ नका, नवीन महिनाभर चालवून पाहा, मग काय करायचं ते करा. पावतीवर जीएसटी नंबर पाहा, आमच्या पावतीवर नव्हता, फक्त शिक्का होता. आणि कोणी टीव्हीवर काही चालू करून दाखवलं तर त्याला त्याचा मोबाईल आधी गेटच्या बाहेर नेऊन ठेवायला सांगा.

माझ्याकडं पावती, तो क्यूआर, ज्या नंबरवरून फोन आला तो नंबर, सगळं जपून ठेवलं आहे. पावतीवर निळा गोल शिक्का आहे, मधे छत्रीचं चित्र, आणि पावती नंबर हातानं लिहिलेला. अशीच पावती यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर कुठंही कोणाला मिळाली असेल तर कळवा, किती पैसे दिले आणि कोणत्या तारखेला ते लिहा. एकट्या बाईचा अर्ज ठाण्यात कपाटात जातो, वीस जणांचा मिळून दिला तर एसपी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवता येईल, आणि तो मी स्वतः नेऊन देते.