लिनक्स डेस्कटॉपवर फायलींची ने-आण: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने माझं सगळं काम लिनक्स डेस्कटॉपवर चाललंय. दिसणं, थीम, अ‍ॅप्स यांवर बरंच लिहून झालंय, म्हणून इथे फक्त नेटवर्क आणि फायलींच्या ने-आणीबद्दल. माझं मत आधीच सांगते: आतली यंत्रणा भक्कम आहे, पण पडद्यावरची कॉपीची पट्टी भरवशाची नाही.

पेनड्राइव्हचंच घ्या. मोठी फाइल टाकली की पट्टी सुसाट पळते, शंभर टक्क्यांपाशी पोचते आणि तिथे ठाण मांडून बसते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डेटा आधी रॅममध्ये घेतं आणि मग ड्राइव्हला झेपेल तसा उतरवतं. पट्टी मोजते ते रॅममध्ये गेलेलं. 'डर्टी रेशो' या सेटिंगची मूळ किंमत २० आहे, म्हणजे उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत न उतरलेला डेटा साचू शकतो. १६ जीबी रॅम असेल तर हे दोन-तीन जीबी सहज होतात. अशा वेळी ड्राइव्ह उपसला की फाइल गेलीच. हीच मर्यादा टक्क्यांऐवजी थेट आकड्यात देणारी 'डर्टी बाइट्स' ही सेटिंग ६४ एमबीवर आणल्यापासून पट्टी बऱ्यापैकी खरं बोलते. तरीही टर्मिनलमध्ये 'सिंक' ही साचलेला डेटा उतरवायला लावणारी आज्ञा देऊन, ती पूर्ण होऊन प्रॉम्प्ट परत येईपर्यंत मी ड्राइव्हला हात लावत नाही. जागा शिल्लक असूनही फाइल मावत नाही असा संदेश आला, तर ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे का ते बघा. तिथे एक फाइल ४ जीबीपर्यंतच जाते.

आता नेटवर्क. दोन संगणकांमध्ये फायली सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईनात. राउटर, वायफाय, डिस्क, संशय सगळ्यांवर. इथे आयपर्फ३ हे नेटवर्कचा वेग मोजणारं साधन कामी आलं. ते एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत डेटा पाठवतं, डिस्क मध्ये येतच नाही. आकडा आला सेकंदाला ९४ मेगाबिट (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी, म्हणजे तेच ११ एमबीच्या आसपास). हा आकडा दिसला की पुढे फार शोधायची गरज नसते: लिंक १०० मेगाबिटवर जोडली गेलीय. नेटवर्क कार्डाची माहिती देणाऱ्या एथटूलनेही तेच सांगितलं. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोन पुरतात, त्यामुळे एखादी तार तुटली तरी नेट चालू राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. केबल बदलली, वेग ११० एमबीवर गेला. लिनक्सचा यात काडीचाही दोष नव्हता.

वायफायवर एसएसएच (दुसऱ्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणारी सोय) मधूनमधून अडखळत होतं, पिंगचे, म्हणजे उत्तर यायला लागणाऱ्या वेळेचे, आकडे वरखाली होत होते. नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वायफायची पॉवर सेव्ह बंद केली आणि ते थांबलं. तिथे या सेटिंगची किंमत २ म्हणजे बंद आणि ३ म्हणजे चालू. हे कुणाच्या डोक्यातून आलं देव जाणे.

विंडोजच्या पद्धतीने नेटवर्कवर फोल्डर शेअर करणाऱ्या सांबाशी माझं फारसं जमलं नाही. फाइल मॅनेजरचा 'नेटवर्क' फोल्डर रिकामा दिसतो, पण आयपी पत्ता टाकला की तेच शेअर उघडतं. शेजारचे संगणक शोधायची जुनी पद्धत एसएमबी१ या फाइल शेअरिंगच्या जुन्या प्रोटोकॉलवर उभी होती आणि सांबाने ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, ते मुळातच बंद ठेवलंय. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच, फक्त रिकामा फोल्डर दाखवण्याऐवजी दोन शब्दांत कारण दिलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी मी एसएसएचमार्फत चालणाऱ्या आरसिंक या कॉपी करणाऱ्या साधनाकडे वळले आणि तिथेच रमले. तुटलेली कॉपी 'पार्शल' पर्याय दिल्यास पुढे चालू होते, प्रत्यक्ष काही कॉपी न करता आधी कोरडी चाचणीही घेता येते. स्रोत फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली तर फक्त आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट. गंमत म्हणजे सांबा सुरू करणारे अँड्र्यू ट्रिजेलच आरसिंकच्याही दोन मूळ लेखकांपैकी एक.

मराठी नावांच्या फायली ठेवणाऱ्यांसाठी एक खास अडचण. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजलं जातं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसवर त्याहून लांब नाव चालतं, त्यामुळे तिथून आणलेली नेमकी तीच फाइल इथे 'नाव फार लांब' म्हणून अडते. नाव छाटण्यावाचून गत्यंतर नाही.

फोन केबलने जोडला की एमटीपी (फोनमधल्या फायली संगणकावर दाखवणारी पद्धत) अजूनही रडतखडत चालतं, हजारो फोटोंचा फोल्डर उघडायला लावून खुशाल दुसरं काम करावं. मी फोन आणि संगणक नेटवर्कवरून जोडणारं केडीई कनेक्ट वापरते. फोन सापडत नसेल तर फायरवॉलमध्ये १७१४ ते १७६४ हे पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडा.